मानाची पहिली ओळ

तुमच्या कम्प्युटरमध्ये माझं नाव आहे का, एवढंच ती बाई फोनवर विचारत होती. नाव सुमन टेकाम. मुकुटबनच्या पलीकडे कोलाम आदिवासींचा एक पोड आहे, पोड म्हणजे त्यांची वस्ती, तिथली. शिबिरात डोळे तपासले, जवळचा चष्मा लागेल म्हणाले, मग तो येणार कधी?

खरं तर असे फोन माझ्याकडे येत नाहीत. यवतमाळच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या हॉस्पिटलात मी एमआयएसचं काम बघते. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात प्रत्येकानं आपापल्या तऱ्हेनं भरलेल्या एक्सेल फाईली एकत्र करायच्या आणि साहेबांना हवा तो आकडा हवा तेव्हा काढून द्यायचा, एवढंच. त्या दिवशी रिसेप्शनवरची मुलगी जेवायला गेली होती, म्हणून फोन मी उचलला. मुकुटबनची फाईल समोर उघडीच होती. म्हटलं, बघून सांगते.

नाव होतं. वय छत्तीस, तेही बरोबर. आणि तिच्याच ओळीत उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चष्मा नको'.

मी तिला तसं सांगितलं.

"असं कसं मॅडम?" ती म्हणाली. "त्या भाऊनं माह्या डोयावर भिंग लावलं ना. मले सुईचं नाकं साफ दिसलं तवा. म्या सोताच्या हातानं धागा ओवला, साऱ्यायच्या समोर."

मग तिनं आपली अडचण सांगितली. तिच्या बचत गटाला आसपासच्या शाळांचे गणवेश शिवायचं काम मिळालं होतं. गटात कॉलर आणि काज करणारी ती एकटीच. आणि आता सुई ओवायची तर दर वेळी शेजारणीला हाक मारावी लागते, शिवण वाकडी जाते, उसवून पुन्हा घालावी लागते. शाळा उघडायच्या आत कपडे झाले नाहीत तर काम वणीच्या टेलरकडे जाणार, असं गटाच्या अध्यक्षीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. एकदा गेलेलं काम परत येत नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"घाबरू नका, मी बघते," असं म्हणून मी फोन ठेवला आणि स्वतःच घाबरले. कारण मुकुटबनची फाईल ज्या मोठ्या फाईलचा एक तुकडा होती, ती संध्याकाळी नागपूरच्या लॅबला जायची होती. लॅब त्या फाईलवरून चष्मे बनवते. ओळीत जो नंबर, तो त्या माणसाच्या नाकावर.

आता हे काम कसं चालतं ते थोडं सांगते. उन्हाळ्यात आमची गावोगाव शिबिरं होतात. प्रत्येक भागाला एक व्हिजन टेक्निशियन, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा माणूस असतो. तो नाव, गाव, वय, मोबाईल आणि दोन्ही डोळ्यांचे नंबर एक्सेलमध्ये भरतो आणि फाईल मला पाठवतो. पूर्वी प्रत्येक पेशंटचा कागदही असायचा. यंदा राऊत सरांनी कागद बंद केला. राऊत सर आमचे प्रोजेक्ट हेड. माणूस भला, पण घाईच्या नक्षत्रावर जन्मलेला. आता सगळं मोबाईलवर, असं त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

फाईली एकत्र करायच्या म्हणजे एकीखाली एक चिकटवायच्या, असं लोकांना वाटतं. चिकटवायला काहीच लागत नाही. सगळ्या फाईली एका फोल्डरमध्ये टाकल्या की एक्सेल त्या आपणहून रचून देतं. पण आधी सगळ्यांचे रकाने सारखे करून घ्यावे लागतात, आणि तिथंच खरी मौज असते. मारेगावच्या फाईलमध्ये सगळी वयं मराठी अंकांत होती. आपल्याला ती दिसतात, एक्सेलला ती अक्षरं वाटतात, त्यामुळे कम्प्युटरच्या मते मारेगावात कोणाला वयच नव्हतं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची फाईल भरणाऱ्यानं हौसेनं दोन-दोन रकाने जोडून त्यात रंग भरला होता. शिवाय सगळ्यांचा मिळून एक जुना रोग आहे. नजर किती आहे ते आम्ही 6/9 असं लिहितो, म्हणजे साधारण नजरेला नऊ मीटरवरून दिसतं ते बघायला या माणसाला सहा मीटरवर यावं लागतं. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. अर्ध्या जिल्ह्याची नजर सहा सप्टेंबर.

या सगळ्यात मुकुटबनची फाईल म्हणजे सारवलेलं अंगण. ती भरणारे गजानन आत्राम स्वतः कोलाम, बोलायला कमी, कामाला नेटके. त्यांच्या फाईलमध्ये मला कधी बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती. म्हणूनच सुमनबाईंच्या पुढचं 'चष्मा नको' मला टोचत राहिलं.

एका बाईच्या सांगण्यावरून फाईल चुकीची ठरवता येत नाही. तपासायला काहीतरी माप हवं. ते माप माझ्याकडे होतं, आणि ते कोणालाही कळेल असं आहे. आपल्याकडे जवळच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात ते उगीच नाही. चाळिशीच्या सुमाराला जवळचा नंबर एकच्या आसपास सुरू होतो, पन्नाशीला तो दोनाच्या आसपास जातो, साठीनंतर अडीच-तीनावर जाऊन बसतो आणि तिथंच राहतो. एखाद्याचं वेगळं निघतं, पण शंभर माणसांची यादी घेतली तर वय आणि नंबर हातात हात घालून चालताना दिसतात. मी एक जादा रकाना काढला आणि एक्सेलला सांगितलं, वय आणि नंबर यांचा मेळ बसत नसेल ती ओळ लाल कर.

मारेगावच्या फाईलमध्ये तुरळक लाल ठिपके पडले. लोहाऱ्यातही तसेच. मुकुटबनच्या फाईलमध्ये मात्र लाल पट्टे उमटले. पंचाहत्तरीच्या आजोबांना एकचा नंबर आणि चाळिशीतल्या सुनेला तीनचा. गंमत म्हणजे सगळीकडे तसं नव्हतं. प्रत्येक गावाच्या सुरुवातीच्या काही ओळी लाल, मग खालचं सगळं ठीक, पुन्हा पुढचं गाव आलं की सुरुवात लाल. माझ्या जोडकामात काही फसलं की काय म्हणून गजाननभाऊंची मूळ फाईल उघडली. तिथंही अगदी तसंच होतं. म्हणजे गडबड माझ्याकडे यायच्या आधीची. हुश्श केलं, आणि लगेच लक्षात आलं की हुश्श करण्यासारखं काही नाही.

मी राऊत सरांच्या केबिनमध्ये गेले. लॅबची ऑर्डर आज गेली नाही तर आपला नंबर मागे पडतो, हे त्यांनी मी बसायच्या आतच सांगितलं. मी लाल पट्टे दाखवले.

"मॅडम, पाठवून द्या ना," सर म्हणाले. "ज्याले नाई जमला तो चष्मा वापस करन. बदलून देऊ."

"वापस कोण करतं सर?"

ते स्वतः कितीतरी वर्षं शिबिरांमध्ये फिरलेले आहेत, त्यांना मी काय म्हणते ते कळलं. आपल्याकडचा माणूस चष्मा चुकीचा आहे असं कधी म्हणत नाही. 'मले चष्मा मानवत नाई' म्हणतो, फडक्यात गुंडाळतो आणि कोनाड्यात ठेवतो. दोष आपल्याच डोळ्यांना देतो. पुन्हा त्याला शिबिरात आणायचं तर सात जन्म लागतात. आणि सुमनबाईंना तर चुकीचा चष्मासुद्धा येणार नव्हता. शिलाई मशीन झाकून बसण्याखेरीज त्या बाईच्या हातात काही उरलं नसतं, तेही आमच्या कृपेनं. हे मी जरा चढ्या आवाजात बोलले असेन.

सरांनी लॅबला फोन लावला. बाकीची ऑर्डर आज पाठवतो, मुकुटबनची दोन दिवसांनी, एवढं मान्य करून घेतलं. फोन ठेवून मला म्हणाले, "पन दोनच दिवस हां मॅडम. तिसरा दिवस मागाले येऊ नका."

मग गजाननभाऊंना फोन. ते दुसऱ्या गावच्या शिबिरात होते. मी सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आकड्याले तं म्या हातबी नाई लावला."

हे त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्यांचा आवाज दुखावलेला होता. मला त्यांच्यावर विश्वास होता, हीच तर पंचाईत होती. शेवटी मी प्रश्न उलटा केला. आकड्यांना हात नाही लावला, मग कशाला लावला?

"नाव तेवढे वर घेतले."

"कोणाची नावं?"

"नाईकाचं. आन् महाजनाचं. आपल्या पोडात त्यायच्या आधी कोनी काही घेत नाई, मॅडम. मांगच्या साली यादी जशी होती तशी वाचली म्या. पयलं नाव एका सुनेचं निंघालं. ते बिचारी उठेचना. नाईक बसले हायेत आन् मी कशी उठू? मंग कोनीच उठलं नाई. चष्म्याचे डब्बे तसेच वापस आनले. म्हून यंदा आधीच वर घेऊन ठेवले. बाकीच्या गावातबी तसंच केलं, जिथं जो मानाचा मानूस हाय तो वर."

नाईक म्हणजे पोडाचा प्रमुख, महाजन त्याच्या जोडीचा कारभारी. शिबिरात तपासायला कोणी केव्हाही येतं, तिथं रांगेचा मान नसतो. पण काही वाटायचं असेल तेव्हा मान असतो. गजाननभाऊंचं चुकलं काय, हे मला सांगता येईना. त्यांनी केलं ते शहाणपणाचंच होतं. आम्ही ऑफिसात बसून हा विचार करायला हवा होता, तो त्यांनी तिथं उन्हात उभं राहून केला होता.

चुकलं ते फोनच्या पडद्यामुळे. मोबाईलवर एक्सेल उघडलं की डावीकडचे चारच रकाने दिसतात. नाव, गाव, वय, मोबाईल. नंबरांचे रकाने पार उजवीकडे, बोटानं सरकवल्याशिवाय दिसत नाहीत. गजाननभाऊंनी नाईकांचे दिसणारे चार रकाने उचलले आणि सगळ्यांच्या वर नेऊन घातले. बाकीची नावं एकेक घर खाली सरकली. नंबर मात्र जागच्या जागी. बाकावर बसलेल्या माणसांनी एकेक जागा सरकून बसावं आणि खाली काढलेल्या चपला तिथंच राहाव्यात, तसं झालं. नाईक मुळात जिथं होते तिथपर्यंतच ही सरकासरकी चालली, त्याच्या खालचे लोक आपल्याच चपलांवर. म्हणून ते पट्टे.

हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी फोनवर हसलेच. गजाननभाऊंना वाटलं मी त्यांना हसले. त्यांची समजूत काढायला चार मिनिटं गेली.

कारण कळलं की उपाय सोपा होतो. प्रत्येक गावात वर नेलेलं नाव उचलायचं, पुन्हा खाली एकेक घर उतरवत न्यायचं, आणि कुठं ठेवलं की सगळी वयं आणि नंबर जुळतात ते बघायचं. जागा बरोबर सापडली की लाल पट्टा आपोआप पुसला जातो. पहिलं गाव जुळलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या चहा मागवला आणि तो गरम असतानाच प्यायले, जे आमच्या ऑफिसात क्वचित घडतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकी सगळी गावं जुळली.

राहिला सुमनबाईंचा पोड. तिथं नाईक आणि महाजन दोघं वर गेलेले, त्यामुळे सरकणंही दुहेरी. बाकीच्या ओळी बसल्या, पण सुमनबाईंच्या ओळीला दोन जागा सारख्याच पटत होत्या. एका हिशोबानं त्यांच्या वाट्याला सव्वाचा नंबर येत होता, दुसऱ्या हिशोबानं अडीचचा. आणि वयाचं माप इथं कामाचं नव्हतं, कारण छत्तिसाव्या वर्षी हा चष्मा लागायलाच नको. कोणाकोणाला मुळातच जवळचं धूसर दिसण्याचा दोष असतो, त्यांना तो लवकर लागतो. जिच्या फोनमुळे सगळं उघडकीला आलं, नेमकी तिचीच ओळ बसेना.

"सव्वा टाका," राऊत सर म्हणाले. "कमी वयाले कमी नंबर. सिधी बात हाय."

मी म्हटलं, सर, अंदाजानं भरायचं असतं तर तुम्ही मला पगार कशाला देता? गाडी द्या, जाऊन येते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि गाडी दिली. येताना मुकुटबनचा बाजार असेल तर भाजी घेऊन या, एवढं मात्र सांगितलं.

मारेगाव, वणी करत आम्ही पोहोचलो तेव्हा गजाननभाऊ भिंगांची पेटी घेऊन रस्त्यावर उभेच होते. माझ्याकडे नीट बघत नव्हते. मीच म्हटलं, गजाननभाऊ, चला, तुमच्याशिवाय मला भिंग उलटं का सुलटं तेही कळत नाही. मग जरा हसले.

सुमनबाईंच्या ओसरीत मशीन होतं, बाजूला निळ्या कापडाचे कापून ठेवलेले गठ्ठे. बाई माझ्यापेक्षा उंच, आवाजात फोनवरचा संकोच अजिबात नाही. गजाननभाऊंनी त्यांच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवली आणि सव्वाची भिंगं घातली. बाईंनी सुई धरली, धागा नेला, चुकला. पुन्हा नेला, पुन्हा चुकला. मग अडीचची घातली. धागा पहिल्याच खेपेला आरपार गेला. त्यांनी ओवलेली सुई माझ्यासमोर धरली. सव्वाचा चष्मा पाठवला असता तर काय झालं असतं, या विचारानं मला त्या उन्हात गार वाटलं.

एव्हाना ओसरीसमोर माणसं जमली होती. त्यांत नाईकही होते. काठी टेकत आलेले, डोक्याला पांढरं फडकं. त्यांनी गजाननभाऊंना कोलामीत काहीतरी विचारलं, गजाननभाऊंनी मान खाली घालून बराच वेळ सांगितलं. मला एक शब्द कळला नाही, पण काय सांगितलं असेल ते कळलं. नाईक माझ्याकडे वळले.

"माह्या नावापाई झालं म्हंते हा."

"नाही नाईकबाबा. फोनचा पडदा लहान, त्यापायी झालं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पटलं की नाही ते दिसलं नाही. काठी टेकत निघून गेले.

रात्र पडायच्या आत मी गाडीतूनच ऑर्डर लॅबला पाठवली. बाजार नव्हता, भाजी मिळाली नाही, सरांना तेवढंच बोलायला सापडलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या टेक्निशियनसाठी नवा फॉर्मेट केला. त्यात एक रकाना वाढवला, 'वाटपाचा क्रम'. ज्याला मान आहे त्याच्यापुढं एक लिहा, मग दोन, पुढं जसं असेल तसं. नावाला हात लावायचा नाही, वाचायच्या वेळी या आकड्यांवरून वाचायचं. राऊत सरांनी विचारलं, हे प्रोटोकॉलमध्ये बसतं का? मी म्हटलं, सर, हाच प्रोटोकॉल आहे, आपण उशिरा लिहिला.

चष्मे वेळेत आले. वाटपाला मला बोलावणं नव्हतं, मी हट्टानं गेले. पोडातल्या समाजमंदिरात सगळे बसले होते. नाईक पुढं, त्यांच्या बाजूला महाजन, बाया मागं भिंतीला टेकून. गजाननभाऊंनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि पहिलं नाव वाचलं, नाईकांचं.

नाईक उठले नाहीत.

"पयले सुमनले दे," ते म्हणाले.

कोणी हललं नाही. सुमनबाई तर भिंतीला आणखीच चिकटल्या. गजाननभाऊ माझ्याकडे बघायला लागले, जणू हे फॉर्मेटमध्ये का नाही असं विचारत होते.

"मले कोनता आता पेपर वाचाचा हाय?" नाईक मागं न वळता म्हणाले. "पोरायचे कपडे अडून राह्यले. ऊठ वो सुमन."

त्या उठल्या. पदर सावरत पुढं आल्या, डबी घेतली, नाईकांच्या पाया पडल्या आणि चष्मा लावून तशाच दारातून बाहेर गेल्या. चहा ठेवला होता, त्यालाही थांबल्या नाहीत. थोड्या वेळानं मशीनचा आवाज यायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भोवती डोळ्यांचेच पेशंट, त्यामुळे ते कोणाला वेगळं वाटलं नाही. त्यानंतर नाईक उठले, मग महाजन, मग बाकीचे. एकही डबी परत आली नाही.

गणवेश शाळा उघडायच्या आत झाले. वणीच्या टेलरला काही कळलंसुद्धा नाही.

निघताना गजाननभाऊ गाडीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, मंग फाईलीत सुमनबाईचं नाव वर घेऊ का आता?"

मी आधी त्यांचा फोन खिशात ठेवायला लावला. फाईलमध्ये माणूस कितव्या ओळीत आहे यानं काही बिघडत नाही. त्याच्या ओळीत नंबर त्याचाच असावा, बाकी कोणाला आधी उठवायचं ते पोडाचा पोड बघून घेतो.